सातबाऱ्यावर नसलेली रेषा

पुण्यात जागा विकत घेणारा माणूस कागद पाहण्यात कसूर करत नाही. सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड, एनएचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू हे सगळे तो गोळा करतो आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घेतो. त्याशिवाय बँक कर्जच देत नाही. या तीस वर्षांत जमीन कोणाच्या नावावर होती, कोणी गहाण टाकली, कोणत्या बहिणीने हक्क सोडला, कोणता दावा पडून आहे, हे सारे त्या अहवालात येते. त्याच तीस वर्षांत त्या जमिनीवर नदीचे पाणी किती वेळा आणि किती उंचीपर्यंत चढले होते, याची एक ओळही कुठे नसते. सरकारने ही माहिती जमवलेलीच नाही असे नाही. पाटबंधारे खात्याने नदीच्या दोन्ही काठांना निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या आहेत आणि त्या शहराच्या विकास आराखड्यावरही उतरल्या आहेत. त्या आर्किटेक्टला ठाऊक असतात, बिल्डरला ठाऊक असतात, मंजुरी देणाऱ्या अभियंत्याला ठाऊक असतात. ज्याच्या घरात पाणी शिरणार असते त्याला मात्र त्या बहुधा पाणी शिरल्यानंतरच कळतात. पुराचे ज्ञान आपल्याकडे कधीच कमी नव्हते. दीडशे वर्षांत ते मालकाच्या हातून हळूहळू निसटत गेले आणि त्याच्या कागदांत कधी परतले नाही, हे मुठेकाठच्या इतिहासावरून दाखवता येते.

जुन्या गावांत हे ज्ञान जमिनीच्या रचनेतच होते. गाव वसे ते पांढरीत आणि शेती होई काळीत. पांढरी म्हणजे वस्तीची, पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून आणि पुन्हा उभी राहून उंचावत गेलेली जागा. नदीलगतची गाळाची मळई कसायला उत्तम, पण तिच्यावर कोणी वाडा बांधत नसे. पाणी कुठवर येते हे सांगायला नकाशा लागत नव्हता, कारण ते सांगणाऱ्या खुणा गावाच्या मध्यात उभ्या होत्या. नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले, छातीला लागले की डोक्यावरून गेले, यावरून सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायचा की थांबायचे ते आजही ठरवतात. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी चढत चढत दत्तमंदिरात येते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते आणि त्या क्षणी दक्षिणद्वार सोहळा होतो. स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. उत्सवमूर्ती कधी हलवायची, कुठे न्यायची, हे परंपरेने ठरलेले आहे. पुराला दैवी मानले म्हणून तिथले लोक बेसावध राहिले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ही व्यवस्था नीट पाहिलेली नाही. पाण्याची पातळी मोजणे, ती सगळ्यांना एकाच वेळी कळणे आणि तिच्याशी ठरावीक कृती जोडलेली असणे, ही पूर व्यवस्थापनाची तिन्ही अंगे त्या सोहळ्यात आहेत.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गायचे नाहीत. पांढरी उंच होती, पण सगळ्या गावासाठी ती सारखी उंच नव्हती. ज्यांच्या धंद्याला पाणी लागे, त्या कुंभार-परटांच्या, कातडी कमावणाऱ्यांच्या वस्त्या पाण्याजवळ असत आणि ज्यांना गावाने बाहेर ठेवले त्यांच्या वाट्याला उरेल ती जागा येई. कोल्हापुरात पंचगंगा चढू लागली की सर्वांत आधी ज्या वस्तीतून माणसे हलवावी लागतात ती सुतारवाड्याची. तेव्हाही धोका सगळ्यांना माहीत होता आणि तो टाळण्याची सोय मोजक्यांनाच होती. तरीही एक फरक मोठा होता. खोल जागेत राहणाऱ्याला आपण खोल जागेत राहतो हे पक्के ठाऊक होते. पुढच्या काळात हेही राहिले नाही.

मुठेच्या बाबतीत हा बदल धरणाबरोबर आला. १८७९ मध्ये खडकवासल्याचे दगडी धरण पुरे झाले, कालवे निघाले, पुण्याला आणि लष्कराला पाणी मिळू लागले. धरणाने शहराला जगवले यात वाद नाही. पण त्यामुळे नदीचे शहरातले रूप पालटले. वर्षाचे आठ-नऊ महिने पात्रात पाण्याची एक चिंचोळी धार आणि बाकी सगळा कोरडा, रिकामा, सपाट पट्टा, असे दृश्य लोकांच्या नजरेत बसले. शहरात पाणी किती येणार हे आता आभाळाइतकेच धरणावरून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर ठरू लागले आणि त्याचे माप बदलले. देवळाची पायरी, मारुतीची छाती, घाटाचा कट्टा ही मापे कोणालाही दिसतात. क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटले, हे माप धरणावरच्या नोंदवहीत असते. दहा हजार क्युसेक म्हणजे माझ्या अंगणात किती पाणी, याचे उत्तर घरमालकाला स्वतःहून काढता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डेक्कन जिमखाना, एरंडवणे, भांबुर्डे या बाजूला नव्या वसाहती वाढल्या, त्या या नव्या नजरेने. रिकाम्या पात्राकडे पाहून काठाची किंमत ठरू लागली.

मग १२ जुलै १९६१ उजाडला. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण अजून पुरे व्हायचे होते, तरी त्यात पाणी साठवले गेले होते. बांधातून पाणी सोडणारे बांधकाम लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटऐवजी सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे होते. ते खचले आणि वरचा बांध बसू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण धरून ठेवले, म्हणून ते रात्रीऐवजी सकाळी फुटले आणि असंख्य जीव वाचले. पानशेतचा लोंढा खडकवासल्यात आला, त्या ब्याऐंशी वर्षांच्या धरणालाही तो पेलला नाही आणि दुपारी दोन्ही धरणांचे पाणी शहरात होते. शनिवार, नारायण, कसबा पेठांचा नदीकडचा भाग, पुलाची वाडी, डेक्कन जिमखाना, शिवाजीनगर, सगळीकडे घरेच्या घरे बुडाली. मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात विरघळल्यासारखे खाली बसले. चौकशी आयोग नेमला गेला आणि अखेर न्यायमूर्ती वि. अ. नाईक यांनी ती चौकशी पुरी केली. स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार माणसाकडे शहर सावरण्याची सूत्रे आली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर, पर्वती दर्शन अशा वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या, काही ठिकाणी अर्धगोल पत्र्यांच्या निस्सेन हटमध्ये. हजारो कुटुंबे नदीकाठ सोडून उंच जागी गेली. पुण्याच्या इतिहासातले हे एक मोठे आणि बऱ्याच अंशी यशस्वी पुनर्वसन.

माणसे उंचावर गेली, पण त्यांनी सोडलेल्या जमिनीचे काय, हा प्रश्न जमीन म्हणून कोणी सोडवला नाही. धरणाची रचना कुठे चुकली, इशारा का मिळाला नाही, जबाबदार कोण, यावर खोल चौकशी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पाणी कोणत्या गल्लीत कुठवर आले याच्या खुणा काही इमारतींच्या भिंतींवर कोरल्या गेल्या. पण ती पातळी कोणत्याही मालमत्तेच्या कागदावर उतरली नाही. यावर एक रास्त आक्षेप असा घेता येईल की पानशेतचा पूर हा धरणफुटीचा होता, नदीचा नव्हता. धरणफुटीच्या पाण्यावरून नदीकाठचे नियम ठरवले तर अर्धी पेठ मोकळी करावी लागेल. हे खरे आहे. आजची लाल रेषासुद्धा त्या दिवसाच्या पाण्याच्या बरीच खाली आहे आणि ती तशी असणे योग्यच आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. पानशेत इतके प्रचंड होते की त्याने नदीच्या साध्या पुरांना झाकून टाकले. शहराने पूर या गोष्टीची नोंद एक अपघात म्हणून केली, एका तारखेपुरती. अपघात घडून गेला, धरण नव्याने बांधले गेले, तेव्हा काठ आता सुरक्षित झाला असा अर्थ लावला गेला. दर काही वर्षांनी नदी आपले पूर्ण पात्र मागते, ही गोष्ट त्या मोठ्या दुःखाच्या आड गेली. ज्या काठावरून पूरग्रस्तांना हलवले त्याच काठावर पुढच्या दोन-तीन दशकांत नवी घरे आली, आणि त्यांत राहायला आलेल्यांतले कित्येक १९६१ मध्ये पुण्यात नव्हतेच.

पूररेषेची कल्पना सरकारी कागदावर आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. केंद्र सरकारने पूरक्षेत्रांची विभागणी करणाऱ्या कायद्याचा नमुना मसुदा १९७५ मध्ये राज्यांकडे पाठवला होता. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये तसा कायदा केला. बाकीची बहुतेक राज्ये स्वस्थ बसली. महाराष्ट्राने कायदा न करता सप्टेंबर १९८९ मध्ये पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकाने काम भागवले. त्यानुसार पंचवीस वर्षांतून एकदा येण्याजोगा पूर, किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांतले जे जास्त असेल ते जिथवर पोचेल ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येण्याजोगा पूर जिथवर पोचेल ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्यापासून लाल रेषेपर्यंत नियंत्रित क्षेत्र. परिपत्रक विचारपूर्वक केलेले आहे आणि आजही पाया तोच आहे. पण परिपत्रक खात्यांना बांधते. खरेदीखत करणाऱ्याला ते दिसत नाही. शिवाय पुण्याचा विकास आराखडा त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८७ मध्ये, मंजूर होऊन गेला होता. जुन्या हद्दीचा पुढचा आराखडा मंजूर व्हायला २०१७ उजाडले. मधल्या तीस वर्षांत शहराचा नदीकाठ भरून गेला.

या रेषांचा अर्थ लावताना मालकांची जी गफलत होते तिला ही शब्दयोजनाही थोडी जबाबदार आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हटले की आपल्या हयातीत यायचा नाही असे वाटते, आणि एकदा येऊन गेला की आता शंभर वर्षे निर्धास्त असे वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या. त्याचा अर्थ इतकाच की असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक आहे आणि गेल्या वर्षी तो आला होता की नाही याच्याशी या वर्षाच्या पावसाला देणेघेणे नाही. तीस वर्षांच्या मुदतीत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेचा, पंचवीस वर्षांचा पूर घेतला तर तीच शक्यता ७० टक्क्यांवर जाते. तीस वर्षे ही मुदत मी मुद्दाम धरली. वकील मागची तितकी वर्षे तपासतो आणि गृहकर्जाचे हप्ते पुढची जवळजवळ तितकीच वर्षे चालतात. म्हणजे निळ्या रेषेच्या आत घर घेणाऱ्याचे कर्ज फिटायच्या आत घरात पाणी येण्याचीच शक्यता जास्त. जो सावकार मालकी हक्कातली पुसटशी शंकाही खपवून घेत नाही, तो हा आकडा मात्र विचारत नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये केंद्रीय पूरविमा योजना आली आणि १९७३ मध्ये तिथे धोक्याच्या क्षेत्रातल्या घरांच्या कर्जाला पूरविम्याची अट जोडली गेली. त्या योजनेत दोष पुष्कळ आहेत, पण पुराचा नकाशा कर्जाच्या कागदाला जोडला गेला ही एक गोष्ट तिथे झाली.

रेषा कशी काढतात हेही मालकाला माहीत असले पाहिजे, कारण तिची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही तिथेच आहेत. नदीच्या लांबीवर ठरावीक अंतराने पात्राचे आडवे छेद घेतात. म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत जमिनीची उंची मोजत जातात. पात्रात झाडी किती, खडक किती, पूल कुठे, त्यांचे खांब किती, याचा हिशेब धरतात. मग ठरलेला विसर्ग या छेदांतून जाताना प्रत्येक ठिकाणी पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर पोचेल ते काढतात आणि ती उंची जमिनीच्या ज्या बिंदूला लागते ते बिंदू जोडतात. तेव्हा नकाशावर दिसते ती आडवी रेषा, पण मुळात ती एक उभी पातळी असते. आणि ती पातळी मोजणी झाली त्या वर्षीच्या पात्राची असते. त्यानंतर कोणी काठावर राडारोडा टाकून जमीन उचलली, पात्रातून रस्ता नेला, खांब रोवले, भिंत घातली, तर तेवढेच पाणी अधिक उंच चढते आणि कागदावरची रेषा होती तिथेच राहते. पुण्यात मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला आणि लाल रेषा १ लाख क्युसेकला धरलेली आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सुटले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत इमारतींच्या तळमजल्यांत पाणी भरले, वाहने बुडाली, माणसांना बोटीने काढावे लागले. पुलाच्या वाडीत पाण्यातून सामान हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. निळ्या रेषेच्या हिशेबाच्या जेमतेम साठ टक्के पाणी होते ते. धरणाखालच्या भागात पडलेल्या पावसाने त्यात भर घातली हे मान्य केले, तरी पात्राची वहनक्षमता कागदावर आहे तितकी उरलेली नाही, हे त्या सकाळने दाखवून दिले.

वर चार धरणे असताना पुराची इतकी काळजी कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. धरणे पुराचा जोर कमी करतात, विशेषतः जून-जुलैत ती रिकामी असताना. पण आकडे पाहावेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यांतल्या खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसी. हे शेवटचे धरण अगदी रिकामे असले आणि त्यात ३५ हजार क्युसेकने पाणी येत राहिले, तरी ते सोळा तासांत भरते. वरची तीन धरणे भरली की खडकवासला आलेले पाणी पुढे सोडण्याखेरीज काही करू शकत नाही. शिवाय ही धरणे पुण्याला प्यायला आणि खालच्या तालुक्यांच्या शेतीला पाणी देण्यासाठी आहेत. पावसाळा संपताना ती काठोकाठ भरलेली असावीत अशीच सगळ्यांची इच्छा असते. पुरासाठी जागा मोकळी ठेवणे आणि उन्हाळ्यासाठी पाणी साठवणे या दोन गोष्टी एकाच भिंतीकडून एकाच वेळी पूर्णपणे होत नाहीत.

मुठेकाठी जे तुटले ते कृष्णा-पंचगंगेकाठी थोडेफार टिकून आहे. सांगलीत पावसाळ्यात माणसे एकमेकांना विचारतात, आयर्विनला किती फूट? या १९२९ सालच्या पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. कोणत्या फुटाला कोणत्या भागात पाणी येते याची यादी महापालिका काढते, पण जुन्या सांगलीकराला ती वाचावी लागत नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता हे भाग आधी, मग पुढचे पुढचे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ आणि ४३ फूट ही तशीच दोन मापे. क्युसेकचा आकडा इथे फुटांत आणि फूट गल्लीत उतरलेले आहेत. खरा पूरनकाशा म्हणावा तो हा, आणि तो हजारो लोकांच्या डोक्यात आहे. कोल्हापूरने तर आणखी एक गोष्ट शिकवली. पूर नेहमी समोरून, नदीच्या बाजूने येत नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचे पाणी तुंबून मागे सरकते आणि घाटापासून लांब असलेल्या व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीसारख्या व्यापारी भागात शिरते. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या भरावाने पाणी अडते अशी तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी तो महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला.

पण नेमका हाच दाखला माझ्याविरुद्ध वापरता येईल. सांगलीकरांना सगळे माहीत होते, तरी सूर्यवंशी प्लॉट वसलाच ना? मग ज्ञानाने काय साधले? हा आक्षेप सगळ्यांत जड आहे. त्याचे उत्तर विक्रीच्या पद्धतीत शोधावे लागते. नदीकडची शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने तोडून विकली गेली तेव्हा विकणाऱ्याला पाणी कुठवर येते हे पिढ्यांपासून ठाऊक होते. घेणारा बहुतेक वेळा बाहेरगावहून नोकरी-धंद्यासाठी आलेला, हातात पैसे थोडे, आणि दर इतका कमी का, हे विचारण्याची ऐपत नसलेला. व्यवहार स्टँपपेपरवर, नकाशा मंजूर नाही, त्यामुळे पूररेषा तपासायची वेळच आली नाही. पुढे २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा वसाहती नियमित करण्याची वाट निघाली. म्हणजे ज्ञान गावात होते, पण ज्या दोघांमध्ये सौदा झाला त्यांतल्या एकाकडेच होते. तोंडी ज्ञानाचा हा कमकुवतपणा आहे. ते सांगणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि ज्याचा त्यात तोटा आहे तो सांगत नाही. शिवाय ते शेवटच्या मोठ्या पुरापाशी थांबते. २००५ च्या पाण्याची खूण धरून ज्यांनी माळ्यावर सामान ठेवले, त्यांना २०१९ ने गाठले. कोल्हापुरात २०१९ चे ५५ फूट धरून बसलेल्यांना २०२१ मध्ये पंचगंगेने ५६ फुटांच्या वर जाऊन दाखवले. म्हणूनच मोजलेली, पुन्हापुन्हा तपासलेली रेषा हवी, आणि ती सौद्याच्या कागदावर हवी.

ओढ्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुण्याबद्दल लिहिणे अपुरे राहील. निळ्या-लाल रेषांची चर्चा नद्यांभोवती फिरते, पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात जी माणसे गेली त्यांतली कित्येक आंबिल ओढ्याच्या पाण्यात गेली. कात्रजच्या डोंगरात तासा-दोन तासांत कोसळलेला पाऊस अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांतून भिंती पाडत गेला. या ओढ्याला इतिहास आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले गेले आणि पेठांची वाढ मोकळी झाली. ओढा वळवणाऱ्यांनी निदान त्याला दुसरी वाट दिली होती. विसाव्या शतकात ती वाट दोन्ही बाजूंनी आवळत नेली गेली. ओढ्याच्या पुराला धरणाचा इशाराही मिळत नाही. ढगातून पाणी पडल्यापासून दारात येईपर्यंत हातात असतात ती काही मिनिटे.

रेषा कागदावर आली की जमिनीचे भाव पडतील आणि नदीकाठच्या जुन्या मालकांचे नुकसान होईल, ही भीती मी हलकी मानत नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये पूररेषांना विरोध झाला, कारण वाशिष्ठीकाठची ती बाजारपेठ जवळपास सगळी रेषेच्या आत येते. आयुष्यभराची कमाई ज्या दुकानात आहे ते दुकान नकाशावर रंगवलेले पाहून माणूस चिडणारच. पण रेषा म्हणजे सरसकट बंदी, हा समज बरोबर नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकाम करता येते, फक्त जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवे. निळ्या रेषेच्या आतही अधिकृत जुन्या इमारतीचा पुनर्विकास त्याच उंचीच्या अटीवर करता येतो. आणि भाव पडण्याचे म्हणाल, तर धोका रेषेने निर्माण होत नाही. आज तो धोका भावात धरलेला नाही याचा अर्थ तो भरायची पाळी घेणाऱ्यावर येते, विकणारा मोकळा सुटतो. ज्यांची घरे आधीच तिथे आहेत त्यांना सरकारने पुनर्विकासात सवलत द्यावी, वेळ द्यावा, विम्याचा हप्ता परवडेल असा करावा. हे सगळे मागणे न्याय्य आहे. त्यांच्या नावाखाली उद्याच्या गिऱ्हाइकापासून माहिती दडवणे न्याय्य नाही.

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना आहे. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी हस्तांतरणावर घातलेले निर्बंध, हे सारे तिथे नोंदवले जाते. धरण बांधताना लाभक्षेत्रातल्या गटांवर निर्बंधाचा शेरा मारण्याचे काम महसूल खात्याने गावोगाव केलेले आहे. धरणासाठी जे करता आले ते धरणाखालच्या नदीसाठीही करता येईल. नोंदीत तीन गोष्टी पुरेत: गट किंवा सिटी सर्व्हे नंबर कोणत्या रेषेच्या आत येतो, लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर आहे आणि ज्या मोजणीवर ती आधारली ती कोणत्या वर्षाची. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्याशिवाय रेषा जुनी झाली की नाही हे मालकाला विचारताच येत नाही. शहरात हीच नोंद प्रॉपर्टी कार्डावर यावी, फ्लॅटच्या करारनाम्याला जोडली जावी आणि बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख करावा. गट नंबरांचा नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे आहे, पूररेषांचा नकाशा जलसंपदा, म्हणजे पूर्वीच्या पाटबंधारे, खात्याकडे आहे. दोन्ही एकावर एक ठेवण्याचे काम अजून व्हायचे आहे, आणि पानशेतपासून मोजले तरी त्याला साठ वर्षांहून अधिक उशीर झालेला आहे.